वर विस्तव, खालीं विस्तव

सणाच्या दिवशीं घरांत सर्वांच्या शेवटीं कोण जेवतें, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों. गेल्या गौरीच्या सणास आमच्या घरीं पंगती उठल्या, विडे झाले, पुरुषमंडळी आडवी झाली. आणि तिसऱ्या प्रहरीं धाकट्या जाऊबाई एकट्याच निवलेली पुरणपोळी घेऊन बसल्या. अठरा माणसांच्या पोळ्या त्यांनींच लाटल्या होत्या. त्यांनीं तक्रार केली नाहीं. तेंच माझ्या मनाला लागून राहिलें.

पुढें फिनलंडांतील नाताळच्या जेवणाची माहिती वाचनांत आली. तेथें गाजर, बटाटे किंवा सलगमासारखा एक पिवळा कंद शिजवून कुस्करतात, दूध व काकवीसारखा पाक मिसळतात आणि तें मिश्रण पसरट भांड्यांत घालून भट्टींत ठेवितात. गाजराच्या प्रकारांत दुधांत शिजविलेला भातही असतो. बटाट्याच्या एका प्रकारांत कोमट लगद्यांत थोडें पीठ कालवून तो कांहीं तास उबेंत ठेवितात. पिठांतील द्रव्यामुळें पिष्टाची साखर होऊन त्यास आपोआप गोडी येते. या पदार्थांस ‘लातिक्को’, म्हणजे पेटी, म्हणतात. तयारी आदल्या दिवशींच होते. सणास भांडें भट्टींत सरकविलें कीं गृहिणी मोकळी!

हें वाचतांना मला आजीचें धोंडस आठवलें. कोंकणांतून घाट चढून कोल्हापुरास आलेल्या घरांना तें ठाऊक असेलच. पातेल्याच्या झांकणावर निखारे व खालीं मंद विस्तव, हीच आमची भट्टी. चुली गेल्या आणि धोंडसही मागें पडलें.

साहित्य : जून तवशाचा कीस, रसासह २ वाट्या, तांदळाचा जाड रवा १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, ओलें खोबरें अर्धी वाटी, तूप २ मोठे चमचे, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

कृति : तवसें प्रथम चाखून पाहावें, कडू असल्यास घेऊं नये. रवा तुपावर तांबूस भाजावा. हें काम आदल्या रात्रीं उरकतें. सकाळीं कीस व गूळ उकळावा, रवा, खोबरें, मीठ व वेलदोडा घालून घट्ट होईपर्यंत ढवळावें. तूप लावलेल्या भांड्यांत तें थापून ओव्हनमध्यें १८० अंशांवर सुमारें ४५ मिनिटें भाजावें. ओव्हन नसल्यास जाड बुडाचें झांकलेलें भांडें तव्यावर ठेवून मंद आंच द्यावी. निवल्यावर वड्या कापाव्या.

रोजच्यासाठीं तिखट प्रकार हवा असल्यास कायस्थ प्रभूंच्या घरचें भानोळें करावें. त्यांत कोळंबी घालण्याची चाल आहे. आपण ती वगळून बारीक चिरलेला कोबी, डाळीचें पीठ, खोबरें व मिरची इतकेंच घ्यावें आणि तसेंच भाजावें.

‘नैवेद्यास ताजेंच हवें,’ असें सासूबाई म्हणाल्या, आणि तें योग्यच आहे. धोंडस सणाच्या सकाळींच भाजावयाचें. मात्र तें भाजत असतां कोणी विस्तवापाशीं तिष्ठत राहावें लागत नाहीं. एका भांड्यांत पंगतीपुरतें होत नाहीं, म्हणून दोन लावावीं.

येत्या गौरीस निम्म्या पोळ्या व बाकीचें धोंडस असें आमच्याकडे ठरलें आहे. धाकट्या जाऊबाईंचें पान पहिल्या पंगतींत मांडावयाचें, हें मात्र सासूबाईंनीं स्वतः होऊन सुचविलें.