प्रार्थनेत मन लागत नाही तेव्हा

हात जोडलेत, डोळे मिटलेत, प्रभूची प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे म्हणून ओठ हलताहेत. पण आत काहीच हलत नाही. कधी कधी तर मध्येच प्रश्न पडतो, कोणी ऐकतंय का? मग अपराधी वाटायला लागतं. रविवारी घरातले सगळे चर्चला निघतात, तुम्हीही त्यांच्याबरोबर निघता आणि वाटेत मनात येतं, आपण नाटक तर करत नाही ना?

तुमचं असं होत असेल, तर आधी मार्कच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय काढून वाचा. आजारी मुलाला घेऊन एक बाप येशूकडे येतो. तो मोठमोठ्या गोष्टी करत नाही. विश्वास आहे, पण तो कमी पडतोय, त्यातही तूच मदत कर, असं रडकुंडीला येऊन सांगतो. आधी विश्वास पक्का करून ये, मग बघू, असं येशू त्याला म्हणत नाही. मुलगा बरा होतो. त्या बापाचं ते अर्धवट बोलणं प्रार्थना म्हणून चाललं, तर तुमचंही चालेल.

दुसरी जागा म्हणजे स्तोत्र ८८. १५० स्तोत्रांपैकी बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. तक्रार करत करत ते अंधारातच थांबतं. तरीही ते बायबलमध्ये ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जगभर लोक चकित झाले. देव जवळ नाही असं त्यांना अनेक वर्षं वाटत होतं आणि त्याच वर्षांत त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. जवळ काही जाणवत नसताना बसणं हीसुद्धा प्रार्थनाच असते, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

आता कृतज्ञतेबद्दल. हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. 'रोज दहा चांगल्या गोष्टी लिहा' असे मेसेज सकाळी सकाळी फॉरवर्ड होतात. ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय किंवा ज्याची नोकरी गेलीय, त्याला असं सांगणं मला तरी क्रूर वाटतं. त्याला आधी रडू द्या, देवाशी भांडू द्या.

पण आभार मानायचा एक वेगळा मार्गही आहे आणि तो मला इथे तंजावरात सापडला. बृहदीश्वराचं मंदिर बघायला महाराष्ट्रातून पुष्कळ मंडळी येतात, भोसल्यांचा मराठी शिलालेख बघून हरखतात. तिथून जवळच शिवगंगा तलावाच्या काठी १७७९ सालचं एक चर्च आहे. तिकडे फारसं कोणी वळत नाही. ते बांधलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनरीने. १७५० साली तो तरंगमबाडीला उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरात दुष्काळ पडला, तेव्हा सरकार पैसे देईल यावर शेतकऱ्यांचा भरवसा नव्हता. श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला, तेव्हा कुठे बैल आणि धान्य किल्ल्यात आलं.

तुळजाजी राजांनी १७८७ साली मरणापूर्वी सरफोजींना दत्तक घेतलं आणि त्या लहान मुलाला श्वार्ट्झच्या हवाली केलं. पण गादीवर बसले अमरसिंह, आणि मुलगा जवळजवळ कैदेत वाढू लागला. शिक्षण नाही, मोकळेपणा नाही. श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या, पाठपुरावा केला. १७९३ साली सरफोजींना शिकायला मद्रासला नेलं. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. ज्याने हे सगळं घडवून आणलं, त्याला ते बघायला मिळालं नाही. शवपेटीचं झाकण लागण्यापूर्वी एकदा चेहरा बघायला सरफोजी आले आणि रडले, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, शेवटपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झचा देव त्यांचा देव नव्हता. पण देव ज्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत पोचला, तो माणूस कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समाधीच्या दगडावर त्यांनी स्वतः इंग्रजी ओळी लिहिल्या आणि लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून आणलं.

म्हणून माझं सुचवणं एवढंच आहे. विश्वास डगमगत असेल तेव्हा 'कशासाठी आभार मानू?' हा प्रश्न सोडून द्या, 'कोणामुळे?' हा विचारा. रात्री एकच नाव घ्या. फी भरायला पैसे नव्हते तेव्हा गुपचूप पाकीट देणारी मावशी. हॉस्पिटलमध्ये तुमच्या आईजवळ रात्रभर बसलेली, जिचं आडनावही तुम्हाला माहीत नाही ती नर्स. ते नाव देवापुढे ठेवा. पुढे काही सुचलं नाही तर नका बोलू. माणूस हयात असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा, मेसेजवर भागवू नका.

स्वतःचे शब्द येत नसतील तर उसने घ्या. घरात 'उपासना संगीत' असेल, त्यात ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं आहेत. कॅथलिक घरात जपमाळ असेलच. आजीच्या तोंडची प्रार्थना तिच्याच चालीवर म्हटली तरी चालते. तिच्याही आयुष्यात कोरडे दिवस आले असतील, तेव्हा तिनेही तेच शब्द कोणाकडून तरी घेतलेले असणार. वेळ ठरवायची तर दोन मिनिटं ठरवा. तासभर बसायचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि अपराधीपणा आणखी वाढतो. घरातल्या मुलाने 'मला प्रार्थना करावीशी वाटत नाही' म्हटलं, तर त्याला ओरडू नका. खरं बोलायची त्याची सवय तेवढ्याने मोडेल.

आणि एक. प्रार्थनेतच नाही, तर जेवणात, झोपेत, मुलांशी खेळण्यातही कित्येक आठवडे मन लागत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नसेलही. डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पाळकांना किंवा फादरना सांगणं आणि डॉक्टरांकडे जाणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

तंजावरला आलात तर शिवगंगेच्या काठच्या त्या चर्चमध्ये जरूर डोकावा. फ्लॅक्समनच्या शिल्पात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे, बाजूला पाद्री आहे, मुलं आहेत. आणि डोक्यावर मराठी पगडी असलेले राजे त्याचा हात हातात धरून उभे आहेत.