चेहऱ्याचा नकाशा अंबाजोगाईतच काढता यावा

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या अनेकांना काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने गाठले. हाताबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांच्या आडोशाने ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून टाळूत आणि डोळ्याच्या खोबणीत शिरायची. जीव राखायचा तर सडलेले हाड काढावेच लागे. बीड जिल्ह्यातल्या रुग्णांना तेव्हा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाचा, लोकांच्या तोंडच्या ‘स्वाराती’चा, आधार होता. पण वरचा जबडा गेलेल्या माणसाने पाण्याचा घोट घेतला की तो नाकातून परततो, बोललेले समोरच्याला कळत नाही, गाल आत बसतो. हा चेहरा पुन्हा उभा करणे म्हणजे हौस नव्हे, तो अर्धवट राहिलेला उपचार आहे. त्यासाठी चेहऱ्याचे त्रिमितीय छायाचित्र आणि सीटी स्कॅन एकत्र जुळवण्याची सोय स्वारातीत व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

सीटी हाड चोख दाखवतो, चेहरा मात्र तितका नाही. रुग्ण उताणा झोपलेला असल्याने गाल कानांकडे ओघळतात, दातांतल्या धातूमुळे चित्रभर रेघा उमटतात, आणि कातडीचा रंग तर दिसतच नाही. त्रिमितीय छायाचित्रात रुग्ण ताठ बसतो, ओठ सैल सोडतो आणि अनेक कॅमेरे एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून त्याला टिपतात. त्यातून संगणक चेहऱ्याचे उंचसखल रूप रचतो. चांगल्या यंत्रात चूक मिलिमीटरच्या आत राहते. मग कपाळ आणि नाकाचे मूळ, म्हणजे बसल्या-झोपल्याने फारशा न हलणाऱ्या जागा, एकमेकींवर बसवून छायाचित्र स्कॅनला जोडतात. शाबूत बाजूचे आरशातले रूप गेलेल्या बाजूवर ठेवले की उणीव किती, ते मोजता येते. पोटरीतले बारीक हाड घेऊन जबडा घडवायचा असेल, तर ते किती लांब आणि कोणत्या कोनात कापायचे, हे टेबलावर जाण्याआधीच ठरते. शिवाय छायाचित्राला क्ष-किरण लागत नाहीत. सूज किती उतरली, हे पाहायला ते कितीही वेळा काढावे.

जिथे साध्या उपचारांसाठी रांगा लागतात तिथे ही चैन कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण अशा रुग्णाचा सीटी एरवीही काढावाच लागतो, भर पडते ती कॅमेऱ्याची आणि तो हाताळणाऱ्या माणसाची. नियोजन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातले शल्यविशारद तिथूनच करू शकतील. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघालेले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परतणारे ऊसतोड कुटुंब तपासणीसाठी मोठ्या शहराच्या चार खेपा करू शकत नाही, कारण प्रत्येक खेपेला मजुरी बुडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हाड पाच मिलिमीटर सरकवले म्हणून वरचे मांस तेवढेच सरकत नाही, ओठांच्या बाबतीत तर संगणकाचा अंदाज हमखास चुकतो. त्यामुळे पडद्यावरचा चेहरा हे वचन नव्हे, अंदाज आहे, हे रुग्णाला मराठीत सांगून कागदावर लिहून द्यावे. बीडमध्ये तर हे टाळताच येणार नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीसमोर आलेल्या आकड्यांत, पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भाशये काढलेली होती. शस्त्रक्रियेला मान डोलावणे आणि ती समजून होकार देणे यांतले अंतर या जिल्ह्याने अंगावर सोसले आहे. आपले हाड कुठे कापणार, हे आपल्याच चेहऱ्यावर पाहिलेला माणूस निदान प्रश्न तरी विचारू शकतो. हेच चित्र गरज नसलेली शस्त्रक्रिया गळी उतरवायलाही वापरता येईल, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची मुभा आधीच सांगितली पाहिजे. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो, नाव पुसून भागत नाही. तेव्हा ही छायाचित्रे डॉक्टरांच्या खासगी मोबाइलवर फिरता कामा नयेत. ती रुग्णालयाच्या कुलपात राहावीत आणि जुळवलेल्या चित्राची एक प्रत रुग्णाच्या हाती असावी, म्हणजे हंगामात तो सांगलीच्या फडावर असताना जखम चिघळली तरी तिथल्या डॉक्टरला आधी काय केले होते ते दिसेल.