व्हिएतनामचे यश आणि आपली आत्मवंचना

आपल्याकडील अर्थचर्चेत दर काही वर्षांनी एक नवा आदर्श देश प्रतिष्ठापित होतो. कधी तो सिंगापूर होता, कधी दक्षिण कोरिया, पुढे चीन. अलीकडे त्या आसनावर व्हिएतनामला बसविण्यात आले आहे. ‘चीनमधून निघालेले कारखाने व्हिएतनामला गेले आणि भारत पाहत राहिला’ हे वाक्य वृत्तवाहिन्यांवरील तज्ज्ञांच्या तोंडी रुळले आहे. याउलट, स्वदेशीचा विचार मानणारी आपल्यातीलच काही मंडळी ‘तिथे आहे काय? परक्यांचे सुटे भाग जोडण्याची हमाली!’ असे म्हणून विषय संपवितात. पहिल्यांना मर्यादा दिसत नाहीत, दुसऱ्यांना यश बघायचे नाही. अभ्यासाचे कष्ट मात्र दोघांचेही वाचतात.

प्रथम यशाविषयी. १९८६ च्या डिसेंबरात व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’ म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले, तेव्हा तो देश युद्धांनी पोळलेला, महागाईने गांजलेला आणि जगापासून तुटलेला होता. पोथीनिष्ठ साम्यवादाने शेतीची जी दैना केली होती, तिला पहिला उतारा १९८८ मध्ये मिळाला. सामूहिक शेतीची सक्ती सैल करून जमीन कसण्याचा अधिकार कुटुंबाकडे देण्यात आला. धान्य आयात करणारा हा देश १९८९ मध्ये तांदळाची निर्यात करू लागला. कारखाने नंतर आले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी शेतकऱ्याच्या घरात दाणा आला, मग त्याची मुले-मुली कारखान्यात गेली.

१९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठविली, २००७ मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि २००९ मध्ये हनोईजवळच्या बाक निन्ह प्रांतात सॅमसंगच्या कारखान्यातून मोबाइल संच बाहेर पडू लागले. २०२४ मध्ये या देशाची वस्तूंची निर्यात ४०५ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. त्याची लोकसंख्या १० कोटी. १४० कोटींच्या भारताची २०२४-२५ मधील वस्तूंची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती. हे आकडे शेजारी ठेवल्यावर ‘हमाली’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते.

हे यश केवळ स्वस्त मजुरीचे नाही. स्वस्त मजूर आपल्याकडे काय कमी आहेत? १९८९ च्या जनगणनेतच व्हिएतनाममधील साक्षरता ८८ टक्क्यांच्या आसपास होती. १९९१ मध्ये आपली साक्षरता ५२ टक्के होती. तेथील स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत काम करतात. कपडे, पादत्राणे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा उद्योग त्यांच्याच हातांवर उभा आहे. गावोगावची प्राथमिक शाळा, घराबाहेर कामाला जाणारी मुलगी आणि बंदरापर्यंत वेळेवर पोहोचणारा माल, या तीन गोष्टी जुळल्या म्हणून परदेशी भांडवल तेथे टिकले.

आता मर्यादा. व्हिएतनामच्या निर्यातीतील सुमारे ७० टक्के वाटा परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे. माल व्हिएतनामचा म्हणून जहाजावर चढतो. त्यातील चिप, पडदा, यंत्र आणि आरेखन बहुतांशी बाहेरून आलेले असते. आयातीत सर्वांत मोठा वाटा चीनचा, निर्यातीसाठी सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेची. ज्या चीनशी १९७९ मध्ये रणांगणावर झुंज दिली, त्याच्याच सुट्या भागांवर आज कारखाने चालतात. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने व्हिएतनामी मालावर ४६ टक्के आयात शुल्क जाहीर केले, तेव्हा या दुहेरी अवलंबनाची किंमत कळली. जुलैत वाटाघाटींनंतर तो दर २० टक्क्यांवर आला, परंतु अन्य देशांतून आणून केवळ वळता केलेल्या मालावर ४० टक्क्यांची टांगती तलवार ठेवण्यात आली. तो रोख चीनकडे होता, हे सांगायला नको.

देशाच्या आतही ताण आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात जलाशय आटले आणि उत्तरेकडील औद्योगिक वसाहतींत वीजकपात करावी लागली. पक्षाच्या छत्राबाहेरच्या स्वतंत्र कामगार संघटनांना तेथे प्रत्यक्षात स्थान नाही. ज्यांच्या श्रमावर निर्यातीचा डोलारा उभा आहे, त्यांना आपला आवाज नाही. भारतीय मजदूर संघाचे कार्य पाहिलेल्या वाचकांना यातील उणीव निराळी सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय जन्मदर घटत चालल्यामुळे जून २०२५ मध्ये तेथील शासनाला दोन अपत्यांची मर्यादा रद्द करावी लागली. देश पुरेसा संपन्न होण्यापूर्वीच वृद्ध होईल, ही चिंता आता तेथील राज्यकर्त्यांनाही भेडसावते.

मग आपण ‘बरे झाले, त्या वाटेने गेलो नाही’ असे म्हणून सुस्कारा सोडायचा काय? तीच खरी आत्मवंचना ठरेल. राष्ट्रीय उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्के करण्याचे लक्ष्य २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात ठरले होते. सरकार बदलले, ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. मोबाइल संचांच्या निर्यातीत तिचे फळ दिसले, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. पण २०२२ उजाडले तेव्हा तो वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता आणि २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ४६ टक्के कामकरी अद्याप शेतीवरच अवलंबून होते. सरकार आपल्या विचाराचे असले म्हणून या आकड्यांना सवलत देता येत नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात आपण ‘आरसेप’ करारातून बाहेर पडलो. चिनी मालाचा लोंढा पाहता तो निर्णय समर्थनीय होता. परंतु दार बंद करून मिळालेला अवधी हा उधारीचा असतो. त्या अवधीत आपले सुटे भाग, आपली यंत्रे, आपले आरेखन उभे राहिले तरच ती उधारी फिटते. संरक्षणाच्या भिंतीआड उद्योगपतींनी स्पर्धेविना नफा मिळवीत बसणे म्हणजे स्वदेशी नव्हे. सुटे भाग बाहेरून आणून जोडायचे आणि खोक्यावर ‘भारतात निर्मित’ असे छापायचे, हेही स्वदेशी नव्हे.

जोडणी ही पहिली पायरी आहे. व्हिएतनाम तिच्यावर ठामपणे उभा राहिला, परंतु दुसरी चढताना त्याची दमछाक होत आहे. आपण तर बहुतेक क्षेत्रांत पहिलीवरही धड उभे नाही. अशा वेळी त्याची आरती ओवाळणे जितके निरर्थक, तितकेच त्याला नाक मुरडणे हास्यास्पद. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणती यंत्रे आहेत आणि त्यांवर शिकलेल्या मुलाला काम मिळते काय, याची चौकशी प्रत्येक कार्यकर्त्याने करावी. आपल्या घरातील मुलगी कारखान्यात कामाला जाऊ इच्छिते तेव्हा आपण काय उत्तर देतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. राष्ट्राच्या सामर्थ्याची भाषा बोलणाऱ्यांवर ही जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे.