गांव सुटलें, नगर झालें नाहीं

लहान गांवांत राहावें कीं मोठ्या शहरांत, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींत वारंवार निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा बोलणाराच्या वयावर अवलंबून असतें. विशींतल्या तरुणास गांव तुरुंगासारखें वाटतें. साठी उलटलेल्या पेन्शनरास तोच तुरुंग वैकुंठ वाटूं लागतो. आणि मधल्या चाळीस वर्षांत दोघांसही विचार करावयास सवड नसते. हा केवळ आवडीनिवडीचा वाद असता तर त्यावर अग्रलेखाची जागा खर्च करण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु आमच्या जिल्ह्यांत हजारों कुटुंबें अशा एका ठिकाणीं राहत आहेत, कीं ज्यास गांव म्हणतां येत नाहीं आणि नगर म्हणावें इतकी व्यवस्था जेथें कधीं झाली नाहीं. तें ठिकाण म्हणजे पुण्याच्या रस्त्यावरील वाळूज.

प्रथम लहान गांवाच्या सुखांचा हिशेब प्रामाणिकपणें मांडूं. कारण सुधारकांस हीं सुखें दिसतच नाहींत असा आरोप नेहमीं होतो. लहान गांवांतला दुकानदार दुपारीं घरीं जाऊन जेवतो आणि वामकुक्षीही करतो. मुलास ताप आला तर डॉक्टरांच्या दारापर्यंत चालत जातां येतें, व खिशांत पैसे नसले तरी औषध मिळतें. वाण्याच्या वहींत नांव असतें; सुगी झाली कीं तें खोडलें जातें, आणि पुन्हां लिहिलें जातें. ही वही म्हणजे नुसता उधारीचा कागद नव्हे. ज्या बापानें कोणाचें देणें बुडविलें नाहीं त्याच्या मुलास दुकान घालण्यास तारणावांचून माल मिळतो; बँकेचा कोणताही दाखला या पतीची बरोबरी करूं शकत नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांस हें आम्ही सांगावयास नको. घरांत मृत्यु झाला असतां लांकडें कोण आणील व खांदा कोण देईल, ही विवंचना लहान गांवांत कोणास पडत नाहीं.

परंतु जी ओळख उधार देते तीच ओळख पहारा करते. गांवांत नव्या माणसास पहिला प्रश्न विचारला जातो तो "काय करतां ?" असा नव्हे, तर "कोणाचे ?" असा, आणि त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्यानें कोठें बसावें, कोणत्या गल्लींत घर मागावें व कोणाच्या लग्नांत कोणत्या पंगतीस जेवावें हें ठरून जातें. मुलगी कॉलेजास जाऊं लागली कीं तिच्या येण्याजाण्याची वेळ तिच्या आईपेक्षां नाक्यावरच्या मंडळींस अधिक पाठ असते. विधवेनें रंगीत लुगडें नेसलें, एखाद्यानें जातीबाहेर लग्न केलें, कोणी देवळाच्या हिशेबाबद्दल सभेंत प्रश्न विचारला, कीं गांव एका दिवसांत न्यायाधीश होतें. आणि त्याच्या निकालावर अपील नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत ग्रामव्यवस्थेविषयीं अत्यंत कठोर मत मांडलें, व घटनेचा घटक गांव न धरितां व्यक्ति धरली याबद्दल समाधान व्यक्त केलें, त्याचें मर्म हेंच होतें. त्यांचे शब्द त्या वेळीं पुष्कळांस झोंबले. मराठवाड्यांत तरी ते खोटे ठरले नाहींत. येथील विद्यापीठास त्यांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ सालीं केला, तेव्हां गांवोगांवीं दलितांचीं घरें जाळणारे लोक परके नव्हते. ज्यांचीं घरें जळालीं त्यांस ते नांवानिशीं ओळखत होते. ओळख म्हणजे आपुलकी असें समजणारांनीं हें साल विसरूं नये.

या पार्श्वभूमीवर वाळूजकडे पाहिलें पाहिजे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. इंग्रजी अमलाखालील जिल्ह्यांत लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकनियुक्त नगरपालिकांस जोर आला. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेंत त्यापूर्वींच सभासद होते, आणि गोपाळराव गोखले पुढें तिचे अध्यक्ष झाले. नळ, गटार, दिवा व शाळा या गोष्टी राजाची मेहेरबानी नसून आपल्या कराचा मोबदला आहेत, हें शिक्षण तेथील व्यापारी वर्गास तीन पिढ्या मिळत गेलें. आमच्याकडे तें मिळालें नाहीं. अर्ज करावा, साहेबाची वाट पाहावी व न मिळालें तर दैवास बोल लावावा, ही जुनी संवय निजामी गेली तरी गेली नाहीं.

अशा प्रांतांत १९८५ च्या नोव्हेंबरांत वाळूज येथें बजाज ऑटोच्या कारखान्याचें उद्घाटन राष्ट्रपति झैलसिंग यांच्या हस्तें झालें. मागून सुट्या भागांचे, औषधांचे, मद्याचे व इतर मालाचे कारखाने आले. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यांतून, पुढें बिहार व उत्तर प्रदेश या प्रांतांतूनही, तरुण येथें येऊं लागले. या येण्यास केवळ पोटाचें कारण होतें असें आम्ही मानीत नाहीं. यंत्रावर उभा असलेल्या माणसास "कोणाचा ?" असें यंत्र विचारीत नाहीं. पाळी संपल्यावर त्यानें कोणत्या हॉटेलांत चहा घ्यावा यावर कोणाचें लक्ष नसतें. बापानें ज्या पाटलाच्या ओट्याखालीं उभें राहून मजुरी घेतली, त्याच पाटलाचा नातू येथें शेजारच्या यंत्रावर तोच गणवेष घालून उभा आहे. ही समता फार मोठी आहे असें नाहीं. ती पाळीच्या आठ तासांपुरतीच असते. परंतु ज्यांनीं जन्मांत पहिल्यांदांच ती अनुभविली त्यांस "गांवाकडे परत चला" असा उपदेश करणारांचें आम्हांस आश्चर्य वाटतें. उपदेश करणारे स्वतः पुण्या-मुंबईस राहतात, हेंही येथें नमूद करणें अवश्य आहे.

मग तक्रार कशाची ? तक्रार ही, कीं गांवचा जाच कमी झाला, पण गांवचा आधारही गेला, आणि त्याच्या जागीं नगरानें जो आधार द्यावयाचा तो उभा राहिला नाहीं. बजाजनगर, रांजणगांव, पंढरपूर, वडगांव कोल्हाटी, जोगेश्वरी अशा वस्त्या एकमेकींस येऊन मिळाल्या आहेत. यांतलें पंढरपूर म्हणजे भीमातीरींचें नव्हे. मोठ्या पंढरीस जाणें ज्यांस जमत नाहीं असे लोक आषाढीस येथील विठ्ठलाच्या दर्शनास येतात, आणि आठ दिवसांची रजा न मिळणाऱ्या कामगारास ही जवळची पंढरी मोठी सोयीची आहे. त्या एका दिवशीं येथें समाज दिसतो. एरवीं भाड्याची एक खोली, तींत पाळीपाळीनें निजणारे चौघे जण, आणि दाराबाहेर कोणाच्या मालकीचें न ठरलेलें गटार. ३१ डिसेंबर १९२३ नव्हे, २०२३ च्या ३१ डिसेंबरास, भल्या पहाटेपूर्वीं, वाळूजच्या हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागून सहा कामगार मेले. ते त्या वेळीं काम करीत नव्हते. कारखान्यांतच निजले होते. आपल्या शतकाची गोष्ट सांगतांना मागच्या शतकाचें साल लेखणींत यावें, यापेक्षां त्या घटनेचें अधिक वर्णन आम्हीं करण्याची जरुरी नाहीं. लहान गांवांत परक्या माणसास देवळाच्या ओसरीवर तरी जागा मिळते.

२०१८ च्या ९ ऑगस्टास बंदाच्या दिवशीं येथील अनेक कारखान्यांवर हल्ले झाले. कारखानदारांनीं संरक्षण मागितलें, तें योग्यच होतें. परंतु कुंपणाच्या आंत एमआयडीसीचे रुंद रस्ते व जायकवाडीहून आणलेलें पाणी, आणि कुंपणाबाहेर चिखल व टँकरची वाट, असा देखावा जेथें नित्याचा आहे तेथें शेजारधर्म कशाच्या बळावर टिकावा ? २०१६ च्या दुष्काळांत मद्याच्या कारखान्यांचें पाणी कमी करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठास द्यावा लागला. जो प्रश्न नगराच्या सभेंत चर्चून सुटावयाचा तो न्यायमूर्तींपुढें गेला, कारण ती सभाच अस्तित्वांत नव्हती.

आतां कायदा पाहूं. ज्या ठिकाणीं पांच हजारांहून कमी नाहीं इतकी वस्ती आहे, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकीं शेंकडा ७५ शेतीबाहेरच्या धंद्यांत आहेत, व दर चौरस किलोमीटरांत निदान ४०० माणसें राहतात, त्यास जनगणना खातें नगर समजतें, मग तेथें नगरपालिका असो वा नसो. अशीं नगरपालिकेवांचून नगरें २००१ सालीं देशांत १,३६२ होतीं. २०११ सालीं तीं ३,८९४ झालीं. या आंकड्यांचा अर्थ असा, कीं देशांतील नवी नागर वस्ती मोठ्या प्रमाणावर वाळूजसारखीच वाढत आहे, आणि आपला प्रश्न एकट्या वाळूजचा नाहीं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामांतून नगरांत संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठीं नगरपंचायतीची तरतूद केली. वाटही ठेविली आणि पळवाटही: कारखाने स्वतः नागरी सोयी देत असतील तर राज्यपालांस ती जागा औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करतां येते, व मग नगरपालिका स्थापण्याचें बंधन राहत नाहीं. सिडकोनें येथें 'वाळूज महानगर' या भारदस्त नांवानें आखणी केली. महानगर नांव मिळालें, नकाशे झाले. दिवे, कचरा व जन्ममृत्यूची नोंद मात्र चार दशकें ग्रामपंचायतींनींच पाहिली. शंभर-दोनशें उंबऱ्यांसाठीं केलेलें आंगडें दहापट वाढलेल्या अंगावर चढविलें तर तें फाटणारच. त्यांत शिंप्यास शिव्या देऊन कांहीं उपयोग नाहीं.

हें असें कां चाललें ? सरकारास दोष देणें सोपें आहे व आम्हीं तो पुष्कळ वेळां दिला आहे. पण आज आम्हांस आपल्याच वाचकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. नगरपालिका नको असें म्हणणारांत आमचे व्यापारी बंधु पुढें असतात. त्यांचें भय असें, कीं घरपट्टी वाढेल, बांधकामास परवानगी लागेल व दुकानापुढचा ओटा मागें घ्यावा लागेल. हें भय निराधार नाहीं. शेतकऱ्याचें भय याहून खरें आहे. आराखड्यांत रान आरक्षित होऊन वर्षानुवर्षें अडकून पडतें हें त्यानें पाहिलेलें आहे. खोल्या भाड्यानें देणारांसही सध्यांची स्थिति गैरसोयीची नाहीं. राहिला भाडेकरी. त्याचें म्हणणें कोणी विचारीत नाहीं, कारण त्याचें नांव अजून जन्मगांवच्या मतदारयादींत आहे. ज्याच्या श्रमावर हें गांव उभें आहे त्यास येथें मत नाहीं, आणि ज्यास येथें मत आहे त्यास बदल नको आहे, असा हा गुंता आहे.

कर दिल्यास काय मिळतें, असें विचारणारांनीं दूर जाण्याची जरुरी नाहीं. वाळूजच्या शेजारीं पाटोदा म्हणून लहानसें गांव आहे. तेथें भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकीर्दींत ग्रामपंचायतीनें कर भरणाऱ्या कुटुंबास दळण फुकट दळून देण्याची युक्ति काढली, शुद्ध पाण्याची सोय केली, व रस्ते झाडून घेतले; मग कर वसूल होऊं लागला. लोक कर देत नाहींत हें अर्धेंच खरें आहे. दिलेला कर डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून ते देत नाहींत.

कारखानदारांकडूनही आम्ही कांहीं अपेक्षितों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला, तेव्हां त्यांनीं वाडी वसविली. आणि १९२० पासून त्याच वाडींतून 'किर्लोस्कर' मासिक निघूं लागलें, तें नांगराइतकेंच घरोघर गेलें. खानदेशांत अमळनेर येथें प्रताप शेठजींनीं १९०६ सालीं गिरणी काढली व १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. त्यांच्याच नांवाच्या हायस्कुलांत १९२४ पासून सहा वर्षें साने गुरुजी शिक्षक होते. अमळनेर तेव्हां वाळूजपेक्षां मोठें होतें असें नाहीं. लहान गांवांत राहण्याचें दैन्य वाटतें तें वस्ती लहान असल्यामुळें नव्हे. संध्याकाळीं जाण्यास वाचनालय नाहीं, ऐकण्यास व्याख्यान नाहीं व बायकांस निर्धास्त बसण्यास बाग नाहीं, यामुळें वाटतें. तथापि वाडी ही मालकाच्या मर्जीवर चालते. मालक चांगला निघाला तर भाग्य, नाहीं तर उपाय नाहीं. म्हणून शेठजींच्या औदार्याचें आम्ही स्वागत करूं, परंतु नगरपालिकेऐवजीं तें घेणार नाहीं.

येणारी जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होईल, असें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें आहे. वाळूजमध्यें राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें आपली गणना येथेंच करून घ्यावी. दोन वर्षांपासून येथें राहून "आमचें घर गांवाकडे आहे" असें गणकास सांगूं नये. भाडेकऱ्यांनीं आपलें नांव येथील मतदारयादींत घालून घ्यावें, व घरमालकांनीं त्यांस राहण्याचा पुरावा देण्यास कांकूं करूं नये. व्यापारी मंडळींनीं घरपट्टीचा अंदाज मागवून तो उघड सभेंत तपासावा, व शेतकऱ्यांच्या जमिनींविषयींच्या शंका त्याच सभेंत घ्याव्या. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं भरतात. त्या चारही दिवशीं कारखान्यांस सुटी असते.