हौशी खेळाडूचा हंगाम

२०१९मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ ही ट्रायथलॉन सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं, असा हा पल्ला. त्यासाठी आता परदेशवारीची गरज उरली नाही. पुण्या-कोल्हापुरातले कितीतरी नोकरदार आज पहाटे तलाव गाठतात आणि रविवारी घाट चढतात. आपल्या वाचकांच्या घरातही असं कुणी असेल, म्हणून हा अंक हौशी ट्रायथलीटच्या हंगामावर.

विजेत्यांच्या कौतुकाला जागा मिळतेच. आम्हाला मात्र संपूर्ण हंगाम मांडायचा होता. पोहून आल्यावर पायाची वाळू झटकत ओल्या पावलांवर मोजे चढवतानाची घाई, सायकलवरून उतरताच शिशासारखे जड होणारे पाय, दमट उन्हात मीठ-पाण्याचं गणित चुकलं की येणारे पेटके. एखाद्या शर्यतीत वेळ सुधारते आणि पुढच्याच शर्यतीत पंक्चर सगळ्या तयारीवर पाणी फिरवतं. गुडघा दुखावला, तर महिनाभर थांबावं लागतं. हे थांबणंही सरावाचाच भाग आहे, असं आम्ही ठामपणे मानतो.

म्हणूनच या अंकात सरावाइतकीच जागा विश्रांती, दुखापत आणि घरच्यांच्या साथीला दिली आहे. अर्धवट सोडलेल्या शर्यतीनं तुम्हाला काय शिकवलं? जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.