छातीचे मांस चोथा का होते?



या पानावर एरवी मी बीजप्रक्रिया, खताचे हप्ते, नाहीतर कांद्यावरचा करपा यांविषयी लिहितो. आज चुलीपाशी बसायचे आहे. निमित्त घडले ते असे.

गेल्या आखाडात पारनेर तालुक्यातील एका वस्तीवर मुगाचे पीक पाहायला गेलो होतो. भुरभुर पाऊस लागला म्हणून ओसरीवर टेकलो. घरात आदल्या दिवशी कोंबडी झालेली. घरच्या आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही एवढे शिकलेले. मला सांगा, त्या पांढऱ्या कोंबडीला खायला असं काय घालतात, की तिची छाती नुसता चोथा लागती? चावून चावून जबडा दुखतो." उंबऱ्याशी त्यांची सून उभी होती. कडेवर पाच महिन्यांचे मूल. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, माझ्या ताटातल्या फोडी मी मोत्यालाच घातल्या."

मोत्या म्हणजे दारातला कुत्रा.

परत येताना गाडीवर माझ्या डोक्यात तेच घोळत होते. आपल्याकडे कोंबडी झाली की वाढण्याची रीत ठरलेली. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरेसोरे. तंगड्या पहिल्याच पंगतीत संपतात. छातीच्या फोडी पातेल्यात राहतात, आणि प्रत्येक पंगतीला रस्सा पुन्हा उकळला की त्याही पुन्हा उकळतात. शेवटी बायका बसतात तेव्हा त्यांच्या वाट्याला येतो तो सुतळीसारखा धागा. कातडी काढलेल्या कच्च्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात २२-२३ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात साधारण ६. म्हणजे जवळजवळ चार अंड्यांइतका ऐवज आणि तो जातो कुत्र्याला. अंगावर पाजणाऱ्या बाईला प्रथिनांची गरज घरात सर्वांत जास्त, हे तर अंगणवाडीच्या ताईही सांगतात.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोष खाद्याचा नाही. ब्रॉयलरचे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. ती कोंबडी भराभर वाढते ती पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केलेल्या पैदाशीमुळे. गडबड होते ती आपल्या चुलीवर. आपण ब्रॉयलरही गावरान कोंबडीच्या हिशेबाने शिजवतो.

गावरान कोंबडा पाच-सहा महिन्यांचा झाल्याशिवाय आपण कापत नाही. तो दिवसभर उकिरडा उकरतो, कुंपणावर उडतो, कुत्र्यापुढे पळतो. त्याच्या मांसातले जोडधागे पक्के झालेले असतात. मंद आचेवर तास-दीड तास ठेवल्यावर ते विरघळतात, मांस सुटते, रस्सा दाट होतो. जुनी कोंबडी असेल तर आणखीही वेळ लागतो. हे आपल्या आज्या-पणज्यांनी बरोबर ठरवले होते. ब्रॉयलर मात्र ४०-४५ दिवसांचे पिल्लूच असते, वजन दोन किलोच्या घरात भरले तरी. ते उडत नाही, आणि छाती तर उडण्याचा स्नायू. त्यात जोडधागे अगदी थोडे, चरबीही नावाला. विरघळायला काही नसतेच. जास्त शिजवले की मांस आकसते, आतले पाणी पिळून बाहेर टाकते आणि मागे धागे राहतात. तंगडी चालून-उभे राहून घट्ट झालेली असते, तिच्यात चरबीही असते, म्हणून ती जास्त आच सोसते. हुलगे आणि मेथीची भाजी एकाच पातेल्यात, एकाच वेळी टाकून शिजवावी, तसे आपण तंगडी आणि छाती शिजवतो.

यात भीतीचाही भाग आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. देशातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तोच रोग आढळला. त्या त्या वेळी "नीट शिजवून खा" असे सांगितले गेले, ते योग्यच होते. पण घरोघर त्याचा अर्थ "तासभर रटरटू द्या" असा झाला. फोडीच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की तो विषाणूही मरतो आणि पोट बिघडवणारे जंतूही. रस्सा आपल्याकडे उकळतो तो ९८ अंशांच्या आसपास. लहान फोडीच्या गाभ्यापर्यंत ७४ अंश जायला दहा-बारा मिनिटे पुष्कळ झाली.

मी विस्तार खात्याचा माणूस, प्रात्यक्षिकाशिवाय बोलू नये असे मला वाटते. म्हणून रविवारी घरी एक ब्रॉयलर आणला. छातीची एक बाजू तंगड्यांबरोबरच पातेल्यात टाकली आणि पाऊण तास ठेवली. दुसरी बाजू शेवटी टाकली. सौभाग्यवती म्हणाल्या, "हे मला वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर सांगितलं असतं." आमच्या मातोश्रींना दात नाहीत. त्यांना दोन वाट्या दिल्या, कोणती कशी केली ते सांगितले नाही. पहिली वाटी त्यांनी बाजूला सारली, दुसरी संपवून आणखी मागितली.

तर करायचे ते असे. चिकनच्या दुकानात छातीच्या फोडी वेगळ्या पिशवीत मागा, आणि सगळ्या सारख्या, सव्वा ते दीड इंचाच्या करायला सांगा. एक फोड सुपारीएवढी आणि दुसरी मुठीएवढी असली तर एक कोरडी होईल नाहीतर दुसरी कच्ची राहील. घरी येऊन त्यांना हळद, मीठ आणि दोन चमचे दही चोळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मीठ आत मुरले की मांस आपले पाणी धरून ठेवते, म्हणून ते आधीच लावायचे. नंतर रश्शात टाकलेल्या मिठाने हे काम होत नाही. त्या मानाने रश्शात मीठ कमी घाला. लिंबू चोळून मात्र तासन्‌तास ठेवू नका.

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि आपला काळा मसाला नेहमीसारखा परता. त्यात तंगड्या आणि हाडाच्या फोडी घाला, गरम पाणी ओता, उकळी आल्यावर झाकण ठेवून पंधरा मिनिटे शिजू द्या. मग छातीच्या फोडी सोडा. पुन्हा उकळी फुटली की चुलीतली लाकडे मागे ओढा. रस्सा खदखदायला नको, कडेने बुडबुडे येत राहिले पाहिजेत. बिनहाडाच्या फोडींना आठ ते दहा मिनिटे, हाडासकटच्या फोडींना बारा. उतरवल्यावर पाच मिनिटे झाकण उघडू नका. कुकर वापरत असाल तर शिट्ट्या तंगड्यांनाच द्या, छातीच्या फोडी झाकण काढल्यावर उकळत्या रश्शात घाला. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांपर्यंत जाते, तिथे छातीचा टिकाव लागत नाही.

झाले की नाही हे पाहायला सर्वांत जाड फोड सुरीने मधोमध चिरा. आत सगळीकडे पांढरी दिसली पाहिजे. काचेसारखी चमक किंवा गुलाबी पाणी दिसले तर आणखी तीन मिनिटे. हाडालगत थोडा काळपट-तांबूस डाग दिसला म्हणून घाबरू नका, कोवळ्या हाडातला रंग बाहेर येतो. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी ७४ अंश पाहावे. तापाचा थर्मामीटर कोणी घालू नये, तो ४२ अंशांच्या पुढे जात नाही.

सुके करायचे असेल तर धाग्याच्या आडवे पातळ काप करा, तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात टाका, दोन्ही बाजू मिळून पाच-सहा मिनिटांत होते. सगळे काप एकदम टाकू नका, तवा निवतो आणि काप पाण्यात शिजतात.

आता भगिनींना एक सांगणे. कच्चे चिकन मोरीवर धारेखाली खळखळून धुण्याची आपल्याला सवय आहे. त्याचे शिंतोडे हंड्यावर, ताटावर, कोथिंबिरीवर उडतात आणि जंतूही तिथे जाऊन बसतात. धुण्याने ते मरत नाहीत, शिजवण्याने मरतात. रक्त असेल तर फडक्याने टिपून घ्या आणि फडके लगेच उकळत्या पाण्यात टाका. चिकन चिरले त्याच विळीवर साबणाने धुतल्याशिवाय काकडी-कांदा चिरू नका. घरात पोटे बिघडतात ती बहुधा या कोशिंबिरीने, आणि नाव मात्र कोंबडीचे होते.

गावरान किंवा गिरिराज पाळणाऱ्यांनी वयाचा अंदाज घ्यावा. तीन-चार महिन्यांच्या पक्ष्याची छातीही तंगडीनंतरच टाकावी, पण तिला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. वर्षाची कोंबडी असेल तर सगळे एकत्र आणि सावकाश, जुन्या रीतीने.

राहिला पंगतींचा प्रश्न. सगळ्यांनी एकदम जेवायला बसावे असे माझे मत आहे, पण प्रत्येक घरात ते चालेल असे नाही. मधला मार्ग म्हणजे छातीच्या फोडी शिजल्या की शेवटच्या पंगतीच्या वाट्याच्या वेगळ्या वाटीत काढून झाकाव्यात. पातेले पुन्हा चुलीवर चढेल तेव्हा त्या आत नसतील. वाढताना वरून उकळता रस्सा घालावा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ मात्र बाहेर ठेवू नयेत. आणि छातीत लोह तंगडीपेक्षा कमी असते, तेव्हा ज्या सुनेला रक्त कमी सांगितले आहे तिला अधूनमधून तंगडीही मिळू द्या. पाहुण्यांना रस्सा भरपूर वाढा, ते रागावत नाहीत.

नंतर मूग काढणीच्या वेळी त्या वस्तीवर पुन्हा जाणे झाले. श्रावण चालू होता, त्यामुळे घरात कोंबडीचे नाव नव्हते. आजी म्हणाल्या, आखाडातल्या शेवटच्या रविवारी तुम्ही सांगितलं तसं केलं. मी सुनेकडे पाहिले. ती म्हणाली, "वाटी आत्याबाईंनीच काढून ठेवली होती. मोत्याला हाडं मिळाली."