छप्पर आणि पहारा

मराठी समीक्षेला स्त्रीच्या आत्मभानाचे जितके कौतुक आहे, तितके तिच्या भाड्याच्या खोलीचे नाही. नोकरी करणारी एकटी बाई रात्री कुठे राहते, हा प्रश्न आमच्या वाङ्मयेतिहासात क्वचितच येतो. तो यायला हवा.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन १९०९ साली उभे राहिले. या घरांनी निराधार स्त्रियांना शिकवून शिक्षिका, परिचारिका घडवल्या. हे ऋण मोठेच आहे. परंतु येथे प्रवेशाचा आधार बहुधा दुर्दैव हा होता. जिला दया नको, परवडणारे दार हवे, ती मिळवती बाई या परोपकाराच्या व्याख्येत सहजी बसत नव्हती.

विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आले. लेखिका हिंगण्याच्याच आश्रमात शिकलेल्या. त्यांच्या सुशिक्षित, अविवाहित नायिकांचा कोंडमारा प्रामुख्याने मनाचा म्हणून वाचला गेला. आमच्या मते तो घराचाही आहे: पगार स्वतःचा, छप्पर मात्र दुसऱ्याचे. वडिलांचे घर सोडून जायचे कुठे?

केंद्र सरकारने १९७२-७३ साली नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी संस्थांना अनुदान देण्याची योजना आणली. २०२२ पासून तिचे नाव ‘सखी निवास’. तिच्या नियमांत एकटीच्या खोलीचे भाडे पगाराच्या १५ टक्क्यांवर जाऊ नये, असे तत्त्व आले. तत्त्व उत्तम, पण सोबत मुक्कामाला तीन वर्षांची मर्यादा, अपवादाने पाच. एकटेपण ही लग्नापूर्वीची प्रतीक्षाच असते, असा हा हिशेब दिसतो. चाळिशीतल्या अविवाहितेने काय करावे?

मुळशी तालुक्याला घर जाण्याचे दुःख नवे नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध येथेच सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात अग्रणी होते. त्याच तालुक्यातल्या हिंजवडी-माणच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात आज असंख्य मुली कामाला येतात आणि खासगी ‘पीजी’त खाटेच्या दराने राहतात. संगणकावर काम करणारीला तो दर कसाबसा झेपतो. त्याच इमारतीत सफाई करणारीचे काय? परोपकाराची सवलत गेली, परोपकाराचा पहारा मात्र अनेक ठिकाणी शिल्लक राहिला: दाराची वेळ, पाहुण्यांना बंदी.

हे सारे सुरक्षिततेसाठी, असे सांगितले जाते. रात्रपाळी करून येणाऱ्या मुलीला दाराबाहेर उभे करणारा नियम कोणाचे रक्षण करतो? आम्हांला आश्रम नको, उपकार नको. पगाराच्या प्रमाणात भाडे, मुदतीविना मुक्काम आणि स्वतःची किल्ली हवी. स्त्रीस्वातंत्र्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी या तीन मागण्यांकडेही साहित्याचा विषय म्हणून पाहावे.